चाकाखालची शेंग

ऐका बरं का, कान इकडे करा. छोट्याशा खारीची ही छोटीशी गोष्ट.

एक होती खार. तिचं नाव चिटकी.
एवढीशी चिटकी. एवढंसं नाक. एवढुशा मिशा.
शेपटी मात्र हीऽऽ मोठी!

चिटकी राहायची शेवग्याच्या झाडावर. झाड होतं कुमुदताईच्या अंगणात. कुमुदताई बाळांची झबली शिवायची. टकटक टकटक मशीन चालायचं. चिटकी फांदीवरून बघत बसायची.

एक दिवस चिटकीला मिळाली शेंग. भुईमुगाची शेंग. हलवली की वाजायची.
खुळखुळ! खुळखुळ!
आत होते तीन दाणे.
चिटकी म्हणाली, "आज पोट भरलंय. शेंग नंतर खाईन."
तिने झाडाखाली खड्डा उकरला. खर्र खर्र! शेंग आत ठेवली. वर एक पान ठेवलं. आणि गेली झोपायला.

दुसऱ्या दिवशी अंगणात काय आलं?
गाडी आली! हिरवी गाडी. जुनी गाडी. आधी ती विश्रामआजोबांची होती. आता कुमुदताईने घेतली.
घुर्र घुर्र घुर्र... थप्प!
थांबली. कुठे थांबली?
चाक थेट खड्ड्यावर! शेंग खाली, चाक वर!

कुमुदताईने हातब्रेक ओढला. कर्रर्र!
"आता मज्जा," ती म्हणाली. "बाजाराला गाडीतून जायचं. झबल्यांचं गाठोडं डोक्यावर नको."

मग पाऊस आला. एक दिवस पाऊस. दोन दिवस पाऊस. तीन दिवस पाऊस. गाडी भिजली. जागची हलली नाही.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. बाजाराचा दिवस होता. कुमुदताईने गाठोडं गाडीत ठेवलं. किल्ली फिरवली.
खुट!
पुन्हा फिरवली.
खुट!
गाडी गप्प. कुमुदताई खाली उतरली. पायरीवर जाऊन बसली. गालावर हात ठेवून बसली.

झाडावरून चिटकीही उतरली. तिला लागली होती भूक. पोटात गुडगुड, गुडगुड!
ती चाकापाशी गेली.

"चाकदादा, चाकदादा, सरक ना! माझी शेंग तुझ्याखाली आहे."
चाक म्हणालं, "मी नाही बाई सरकणार!"
"का रे चाकदादा?"
"ब्रेकभाऊने मला घट्ट धरलंय. ब्रेकभाऊ सुटेल, तर मी सरकेन."

तुरतुर तुरतुर, शेपटी फुरफुर, चिटकी गेली ब्रेककडे. ब्रेक होता चाकाच्या आतच.
"ब्रेकभाऊ, ब्रेकभाऊ, सूट ना!
चाक सरकेना,
माझी शेंग काही मिळेना!"
ब्रेक म्हणाला, "मी नाही बाई सुटणार!"
"का रे ब्रेकभाऊ?"
"तीन दिवस पावसात भिजलो. गंजलो. चिकटलो. इंजिनमामा गुरगुरेल, जोरात धक्का देईल, तर मी सुटेन."

तुरतुर तुरतुर, शेपटी फुरफुर, चिटकी गेली इंजिनकडे. खालून शिरली, वर निघाली. नाकाला तेल लागलं. फूंऽऽ!
"इंजिनमामा, इंजिनमामा, गुरगुर ना!
ब्रेक सुटेना,
चाक सरकेना,
माझी शेंग काही मिळेना!"
इंजिन म्हणालं, "मी नाही बाई गुरगुरणार!"
"का रे इंजिनमामा?"
"मला ठिणगी हवी. एवढीशी ठिणगी! ती मी कुठून आणू? बॅटरीबाई जागेल, तर मी गुरगुरेन."

बॅटरी तिथे शेजारीच होती. चिटकीने मारली उडी. टुप्प!
"बॅटरीबाई, बॅटरीबाई, जाग ना!
इंजिन गुरगुरेना,
ब्रेक सुटेना,
चाक सरकेना,
माझी शेंग काही मिळेना!"
बॅटरी अर्धवट झोपेत होती. आऽऽऊ! जांभई देत म्हणाली, "मी नाही बाई जागणार!"
"का गं बॅटरीबाई?"
"डोक्यावर बघ माझ्या. पांढरा पांढरा चुरा! किती साचलाय! अंगात जोर कसा येईल? हसनकाका येतील, मला पुसतील, तर मी जागेन."

हसनकाकांचं गॅरेज होतं नाक्यावर. त्यांचे हात काळे, मिशी पांढरी. सगळ्या गाड्या त्यांना ओळखायच्या.

तुरतुर तुरतुर, शेपटी फुरफुर, चिटकी गेली हसनकाकांकडे.
"हसनकाका, हसनकाका, चला ना!
बॅटरी जागेना,
इंजिन गुरगुरेना,
ब्रेक सुटेना,
चाक सरकेना,
माझी शेंग काही मिळेना!"
हसनकाका म्हणाले, "मी नाही येणार, बेटा!"
"का हो हसनकाका?"
"गाडी कुणाची? कुमुदताईची. न विचारता दुसऱ्याची गाडी उघडायची? छे छे! कुमुदताई हो म्हणेल, तर मी येईन."

तुरतुर तुरतुर, शेपटी फुरफुर, चिटकी आली परत अंगणात. कुमुदताई अजून पायरीवरच होती.
"कुमुदताई, कुमुदताई, हो म्हण ना!
काका येईनात,
बॅटरी जागेना,
इंजिन गुरगुरेना,
ब्रेक सुटेना,
चाक सरकेना,
माझी शेंग काही मिळेना!"
कुमुदताई म्हणाली, "मी नाही बाई हो म्हणणार!"
"का गं कुमुदताई?"
कुमुदताईने डोळे पुसले.
"गाडी घेताना मी काय बघितलं? रंग बघितला. आरशात तोंड बघितलं. वाकून खाली बघितलं का? नाही बघितलं. झाकण उघडून आत बघितलं का? नाही बघितलं! आता मला काय ठाऊक, तिला कुठे दुखतं आणि कुठे खुपतं? काकांना सांगू तरी काय? विश्रामआजोबांकडे गाडीची वही आहे. त्यात ते सगळं लिहायचे. आजोबा वही देतील, तर मी हो म्हणेन."

विश्रामआजोबा राहायचे शाळेच्या मागे. लांब होतं ते. मध्ये एक गटार. मध्ये एक कुंपण. मध्ये एक कुत्रा! भो भो!

तुरतुर तुरतुर, शेपटी फुरफुर, गटारावरून उडी, कुंपणाखालून बुडी, कुत्र्याला हुलकावणी! चिटकी पोचली आजोबांकडे.
आजोबा दारात बसले होते. समोर होती पत्र्याची शेड. तिथे आधी हिरवी गाडी उभी असायची. आता शेड रिकामी. आजोबा नुसते तिकडे बघत होते.

"आजोबा, आजोबा, वही द्या ना!
ताई हो म्हणेना,
काका येईनात,
बॅटरी जागेना,
इंजिन गुरगुरेना,
ब्रेक सुटेना,
चाक सरकेना,
माझी शेंग काही मिळेना!"
आजोबांनी कपाळावर हात मारला.
"अरेच्चा! वही द्यायची राहिलीच की! गाडी गेली ना, मला काही सुचेनाच बघ."
"मग द्या ना आजोबा!"
"कशी देऊ, बाळा? वही आहे त्या खोक्यात. खोक्यात आहे गवत. गवतावर बसलीय कवडी कोंबडी. हात घातला की टोचते. टच्च!"
आजोबांनी बोट दाखवलं. बोटाला चिंधी बांधली होती.
"कवडी उठेल, तर मी वही देईन."

तुरतुर तुरतुर, शेपटी फुरफुर, चिटकी गेली शेडमध्ये. कोपऱ्यात खोकं होतं. खोक्यात कवडी होती. अंगावर ठिपकेच ठिपके.
"कवडीमावशी, कवडीमावशी, ऊठ ना!
आजोबा वही देईनात,
ताई हो म्हणेना,
काका येईनात,
बॅटरी जागेना,
इंजिन गुरगुरेना,
ब्रेक सुटेना,
चाक सरकेना,
माझी शेंग काही मिळेना!"
कवडी म्हणाली, "कुक् कुक् कुक्! मी नाही बाई उठणार!"
"का गं कवडीमावशी?"
"पोटाखाली माझी पाच अंडी. मी उठले, की ती गार पडतील. मलाही तहान लागलीय गं. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. पण उठू कशी? कुणी अंड्यांना ऊब देईल, तर मी उठेन."

आता कुणाकडे जायचं?
चिटकीने इकडे बघितलं. कुणी नाही.
चिटकीने तिकडे बघितलं. कुणी नाही.
मग तिने मागे बघितलं. मागे होती तिची शेपटी. मऊ मऊ. गरम गरम.

"मावशी, मी देते ऊब!"
"तू? एवढीशी?"
"मी एवढीशी. पण शेपटी बघ की!"
कवडीने मान वाकडी केली. एका डोळ्याने बघितलं. मग दुसऱ्या डोळ्याने बघितलं.
"पळून नाही ना जाणार?"
"नाही जाणार."
"नक्की?"
"नक्की!"

आणि कवडी उठली!
आजोबा आले. दोन्ही हातांनी गवत उचललं. अलगद, अंड्यांसकट. खालून वही काढली. गवत पुन्हा ठेवलं. चिटकी वर बसली. शेपटी पसरली. पाचही अंडी झाकली गेली.

कवडी पाण्याकडे धावली. आजोबांनी काठी घेतली.
"मी हळूहळू चालतो. तू ये मागून," ते म्हणाले. आणि निघाले. ठक ठक, ठक ठक.

चिटकी एकटीच राहिली.
पोटात गुडगुड झाली. चिटकी हलली नाही.
बाहेर कुत्रा भुंकला. चिटकी हलली नाही.
तिला वाटलं, आजोबा पोचले असतील. चाक सरकलं असेल. माझी शेंग उघडी पडली असेल! कावळ्याने नेली तर?
तिचे पाय वळवळले. एक पाय खोक्याबाहेर गेलासुद्धा.
तेवढ्यात एक अंडं आतून वाजलं.
टुक!
अगदी हळू. टुक!
चिटकीने पाय आत घेतला. शेपटी आणखी घट्ट पांघरली.
"मी आहे हं," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

कवडी आली. पाणी पिऊन आली, चार दाणे टिपून आली. अंडी चाचपली. एकही गार नव्हतं.
"शहाणी गं माझी बाय!" कवडी म्हणाली. "जा आता, पळ!"

तुरतुर तुरतुर, शेपटी फुरफुर! कुत्र्याला हुलकावणी, कुंपणाखालून बुडी, गटारावरून उडी! चिटकीने आजोबांना वाटेतच गाठलं. दोघं मिळून अंगणात आले.

आजोबांनी वही दिली.
"चुकलो, पोरी," ते कुमुदताईला म्हणाले. "गाडी दिली, पण गाडीचं दुखणंखुपणं सांगायचं राहिलं."
कुमुदताईने वही उघडली. मोठ्याने वाचली.
"पावसात हातब्रेक ओढून ठेवू नये. चिकटतो. चाकाला दगड लावावा."
"हं!" कुमुदताई म्हणाली.
"रोज थोडा वेळ तरी सुरू करावी. नाहीतर बॅटरी झोपते."
"हं हं!"
"मागचा डावा दरवाजा रुसका आहे. जोरात ओढावा."
कुमुदताईला हसू आलं. "एवढंच होय? मग हो! हो हो हो! बोलवा काकांना!"

ताई हो म्हणाली, काका आले.
हातात पेटी, खांद्यावर फडकं. झाकण उघडलं. कर्रर्र! कोमट पाणी घेतलं. घस घस घस! पांढरा चुरा गेला. मग त्यांनी आपली गाडी जवळ आणली. दोन जाड तारा जोडल्या. काकांच्या गाडीतला जोर हिरव्या गाडीत!

काकांनी पुसलं, बॅटरी जागली.
"आहाहा!" बॅटरी म्हणाली. "आता बरं वाटलं!"
कुमुदताईने हातब्रेक खाली केला. किल्ली फिरवली.
खुट... खुट...
सगळे थांबले. चिटकीने डोळे मिटले.
खुट... खुट... घुर्र! घुर्र घुर्र घुर्र!

बॅटरी जागली, इंजिन गुरगुरलं.
इंजिन गुरगुरलं, ब्रेक सुटला. कटाक्!
ब्रेक सुटला, चाक सरकलं. हळू... हळू... गुळूगुळू गुळूगुळू.
चाक सरकलं, आणि चिटकीचा खड्डा दिसला!

वरचं पान चिखलात चिकटलं होतं. चिटकीने ते बाजूला केलं. खर्र खर्र उकरलं. आत हात घातला.
होती! शेंग होती! जशीच्या तशी होती!
खुळखुळ! खुळखुळ!

चिटकी शेंग घेऊन फांदीवर चढली. फट्ट! शेंग फुटली.
एक दाणा खाल्ला. कुटुकुटु.
दुसरा दाणा खाल्ला. कुटुकुटु.
तिसरा दाणा सावकाश खाल्ला. कुटु... कुटु... कुटु.
सगळी शेंग तिचीच होती. सगळी तिनेच खाल्ली.

खाली कुमुदताई निघाली होती. हसनकाका म्हणाले, "थांब गं. सुरू झाली म्हणून लगेच निघायचं नाही. ये, वाकून बघ."
काका वाकले. कुमुदताई वाकली. आजोबाही वाकले, काठी धरून.
गाडीखाली एक काळा थेंब पडला. टप्!
"तेल गळतंय," कुमुदताई म्हणाली.
"बरोब्बर!" काका म्हणाले. त्यांनी पेच आवळला. कीर्र कीर्र! थेंब थांबला.
मग चारही चाकांत हवा भरली. फूस्स फूस्स! गाडी थोडी पुढे नेली. ब्रेक दाबला. चुईं! गाडी थांबली.
"थांबते," कुमुदताई म्हणाली.
"आता जा," काका म्हणाले.

कुमुदताईने आजोबांकडे बघितलं. "चला की बाजाराला! गाडी तुमच्या ओळखीची, वाटेत काही बोलली तर मला सांगाल."
आजोबांचा चेहरा फुलला. त्यांनी मागचा डावा दरवाजा जोरात ओढला. धाडकन उघडला! काठी आत ठेवली. गाठोडं मांडीवर घेतलं. ऐटीत बसले.
पॉं पॉं! घुर्र घुर्र! हिरवी गाडी निघाली. नाक्यावरून वळली. दिसेनाशी झाली.

अंगणात ऊन पडलं होतं. फांदीवर चिटकी होती. पोट टुम्म झालं होतं. तिने मिशा पुसल्या. शेपटी नाकावर ओढली. आणि गाढ झोपली.

शेंग गेली पोटात, गोष्ट आली ओठात!